घोटाळा, गैरसमज आणि ‘एकीवोको’ : ‘संशयकल्लोळ’च्या वाचनासाठी एक संज्ञा

प्रास्ताविक

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे ‘गैरसमजावर आधारलेले निर्मळ विनोदी नाटक’ आहे, हे विधान आपल्या टिपांत, मार्गदर्शकांत आणि उत्तरपत्रिकांत इतके रूढ झाले आहे की ते विधान आहे याचाही आपणास विसर पडला आहे. ते चुकीचे नाही. परंतु त्यातील ‘गैरसमज’ हा शब्द नाटकातील नेमक्या घटनेला पुरा पडतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नाटकाच्या शीर्षकात ‘संशय’ आहे, वर्णनात ‘गैरसमज’ आहे, आणि याच कथानकाच्या १८९३ मधील पहिल्या गद्य रूपाचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ असे होते. एकाच वस्तूला तीन शब्द. हे तीन शब्द समानार्थी नाहीत, आणि त्यांच्यातील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या अंतराकडे पाहण्यासाठी येथे एका परक्या भाषेतील शब्दाचा आधार घेतला आहे. स्पॅनिश भाषेतील ‘एकीवोको’ हा तो शब्द होय. परकी संज्ञा आणून मराठी कलाकृतीवर लादण्याची जी रीत आपल्या समीक्षेत अधूनमधून दिसते, तिचा येथे पुरस्कार नाही. शब्द परका असला तरी त्याच्या उजेडात दिसते ते आपल्याच घरातील आहे, आणि तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

‘एकीवोको’ : अर्थ आणि उपयोग

या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘सम’ आणि ‘वाणी’ या अर्थाचे दोन घटक एकत्र येऊन तो बनला. ज्यात दोन अर्थांचा आवाज सारखाच ऐकू येतो ते ‘एकीवोको’. सहाव्या शतकात बोएथियसने ॲरिस्टॉटलच्या ‘कॅटेगरीज’ या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिन्न वस्तूंसाठी त्याने हाच शब्द योजला. ॲरिस्टॉटलने ग्रंथारंभीच दिलेले उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. ग्रीक भाषेत एकच शब्द सजीव प्राण्यालाही लावला जाई आणि चित्रालाही. म्हणून माणूस आणि माणसाची तसबीर या दोहोंना नाव एक, पण वस्तू दोन. देवलांच्या नाटकातील सारा गोंधळ एका तसबिरीतून उद्भवतो, हा योगायोगच म्हणावयाचा. पण अभ्यासकाने अशा योगायोगांकडे पाठ फिरवू नये.

स्पॅनिशमध्ये हा शब्द विशेषणही आहे आणि नामही. विशेषण म्हणून तो द्व्यर्थी वाक्याला लागतो. तसाच ज्याच्याविषयी निरनिराळी मते होऊ शकतात अशा वर्तनाला आणि लौकिकालाही लागतो. नाम म्हणून त्याचे दोन अर्थ आहेत : एक, द्व्यर्थी शब्द किंवा शब्दखेळ, आणि दुसरा, त्या द्व्यर्थामुळे प्रत्यक्षात घडलेली चुकामूक. सतराव्या शतकात बाल्तासार ग्रासियान याने काव्यातील चातुर्याची मीमांसा करताना पहिल्या अर्थाचा स्वतंत्र विचार केला, तर त्याच काळातील स्पॅनिश रंगभूमीवरील गुंतागुंतीच्या सुखात्मिका दुसऱ्या अर्थावर उभ्या होत्या. कवीची करामत आणि पात्राची फजिती या दोहोंना स्पॅनिश माणूस एकाच नावाने हाक मारतो. याच कुळातील ‘एकिवोकार्से’ हे क्रियापद ‘चुकणे’ या साध्या अर्थाने रोज वापरले जाते. त्या भाषेत केवळ संदिग्धतेसाठी आणि केवळ गैरसमजासाठी वेगळे शब्द नाहीत असे नाही, ते आहेतच. ‘एकीवोको’चे वैशिष्ट्य हे की तो दोहोंच्या मधल्या सांध्यावर बोट ठेवतो.

सेर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’च्या पहिल्या भागात (१६०५) एका न्हाव्याचे पितळी भांडे नायकाला शिरस्त्राण वाटते. त्यावरून मोठा वाद माजतो, तेव्हा सांचो भांडे आणि शिरस्त्राण या दोन्ही शब्दांची मोट बांधून एक तिसराच शब्द बनवतो. धनी दुखावू नये आणि डोळ्यांना दिसणारे भांडेही नाकारावे लागू नये, अशी ती चतुर तडजोड आहे. द्व्यर्थ मिटवण्याऐवजी त्याला नाव देऊन टाकणे ही एक वेगळीच बुद्धी होय.

आपल्या शास्त्रातील वाटणी

भारतीय परंपरेला अनेकार्थतेचे भान नव्हते असे कोणी म्हणणार नाही. उलट ते इतके सूक्ष्म होते की त्याची वाटणी निरनिराळ्या शास्त्रांत झाली. ‘सैंधव आण’ हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. जेवायला बसलेल्याने म्हटले तर मीठ, प्रवासास निघालेल्याने म्हटले तर घोडा. (आज मराठीत सैंधव म्हणजे केवळ मीठ, घोडा केव्हाच निघून गेला.) अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, याची संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण अशी कारणे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त नोंदविली आहेत. कवीने हेतुपुरस्सर दोन अर्थ साधले तर तो श्लेष. अर्थ ठरविता येत नसेल तर मम्मटाच्या मते तो ‘संदिग्ध’ हा दोष. बोलणाऱ्याचे वाक्य ऐकणाऱ्याने मुद्दाम दुसऱ्या अर्थाने घेतले तर रुद्रटाने सांगितलेली श्लेषवक्रोक्ती. आणि हीच गोष्ट वादात प्रतिपक्षाला हरवण्यासाठी केली तर न्यायशास्त्रातील वाक्‌छल. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ‘नऊ घोंगड्या कोठे आहेत?’ असे विचारावे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

या यादीत एक जागा रिकामी आहे. श्लेषात कवीचा हेतू आहे, वक्रोक्तीत ऐकणाऱ्याचा हेतू आहे, छलात वाद्याचा दुष्ट हेतू आहे. संदिग्ध हा दोष रचनाकाराच्या पदरी पडतो. परंतु ज्यात कोणाचाही हेतू नाही, बोलणाऱ्याने नीट बोलावे, ऐकणाऱ्याने नीट ऐकावे, आणि तरीही भलतेच घडावे, अशा प्रसंगाला साहित्यशास्त्राने अलंकाराचे वा दोषाचे नाव दिले नाही. भ्रांतिमान् अलंकार जवळ येतो. पण त्यात सादृश्यामुळे होणारी भ्रांती अभिप्रेत आहे आणि तीही बहुधा कवीने स्तुतीसाठी कल्पिलेली असते. शास्त्रकारांची ही उणीव मानण्याचे कारण नाही. हेतूशिवाय घडणारी चुकामूक हा मुख्यतः रंगभूमीचा विषय आहे, श्लोकाचा नव्हे.

आधुनिक मराठी समीक्षेत विल्यम एम्पसनच्या १९३० मधील ग्रंथाच्या प्रभावाने अनेकार्थतेची चर्चा नव्याने आली, ती प्रामुख्याने कवितेच्या अनुषंगाने. त्यासाठी ‘संदिग्धता’ आणि ‘अनेकार्थता’ असे दोन्ही शब्द वापरले गेले. पहिल्याला मम्मटाच्या दोषाचा वास येतो, दुसरा निरुपद्रवी आहे. नाटकातील गैरसमजाचा विचार मात्र ‘कथानकाची युक्ती’ या सदराखालीच राहिला. म्हणजे कवितेतील दोन अर्थ हे भाषेचे वैभव आणि नाटकातील दोन अर्थ ही लेखकाची क्लृप्ती, अशी फारकत झाली.

घोटाळा झाला, घोटाळा केला

बोलीत मात्र ही फारकत नाही. मराठीत ‘गैरसमज’ हा ‘गैर’ या अरबी आणि ‘समज’ या देशी शब्दांचा जोड आहे. आमच्याकडील दखनी बोलणारे विद्यार्थी ‘गलतफहमी’ म्हणतात. त्याचीही घडण तीच. दोन्ही शब्द चूक समजणाऱ्याच्या समजुतीत ठेवतात. ‘गल्लत’ हा शब्द थोडा अधिक तटस्थ आहे. दोन वस्तू एकमेकींत मिसळल्या जाणे ही त्याची मूळ छटा आज दिसते. ‘गफलत’ म्हटले की बेसावधपणाचा ठपका आलाच.

‘घोटाळा’ या शब्दाची गोष्ट निराळी. आज वर्तमानपत्र उघडताच हा शब्द डोळ्यांत भरतो तो आर्थिक अपहाराच्या अर्थाने. १९९२ चा रोखे घोटाळा, १९९६ मध्ये उघडकीस आलेला चारा घोटाळा, त्यानंतरचा मुद्रांक घोटाळा यांनी हा अर्थ पक्का केला. परंतु १८९३ मध्ये देवलांनी ‘तसबिरीचा घोटाळा’ असे लिहिले, तेव्हा तसबिरीचा कोणी अपहार केला असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. गुंता, गोंधळ, सरमिसळ हाच त्याचा अर्थ होता. क्रियापदाने तो आजही जपला आहे. मांजर पायांत घोटाळते, एखादे नाव जिभेवर घोटाळते, मन जुन्या घराभोवती घोटाळत राहते. यात लबाडी कोठेच नाही. एका जागी अडकून फिरत राहणे आहे.

व्याकरणाने तर हा भेद स्पष्टच मांडून ठेवला आहे. ‘घोटाळा झाला’ आणि ‘घोटाळा केला’ ही दोन वाक्ये मराठी माणूस कधीही एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्यात कर्ता नाही, दुसऱ्यात आरोपी आहे. ‘नावात घोटाळा झाला’, ‘तारखेचा घोटाळा झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके ‘एकीवोको’च म्हणत असतो. मराठीजवळ हा शब्द होता आणि ‘होणे’ या क्रियापदाच्या सोबतीने तो अजूनही आहे. समीक्षेने मात्र तो उचलला नाही. बहुधा तो फार घरगुती वाटला असावा.

झुंझारराव आणि फाल्गुनराव

देवलांनी ‘फाल्गुनराव’ लिहिण्यापूर्वी अवघी तीन वर्षे, १८९० मध्ये, शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ हे नाटक सादर केले होते. ही दोन नाटके शेजारी ठेवली की एक गोष्ट तत्काळ लक्षात येते. दोहोंत पतीचा पत्नीविषयी संशय आहे आणि ‘ऑथेल्लो’तील हातरुमालाने जे काम केले ते ‘फाल्गुनरावा’त तसबीर करते. भलत्या हाती दिसलेली एक साधी वस्तू पुरावा बनते. मग एक शोकान्त आणि दुसरे प्रहसनाच्या अंगाने जाणारे का होते? प्रकृती, वातावरण, सामाजिक स्तर अशी उत्तरे दिली जातात. मला त्याहून साधे उत्तर महत्त्वाचे वाटते. ‘ऑथेल्लो’त इयागो आहे, तेथे घोटाळा केला जातो. फाल्गुनरावाच्या नाटकात इयागो नाही. तेथे घोटाळा होतो.

घटना अशी आहे. अश्विनशेठने रेवतीला आपली तसबीर दिलेली आहे. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्या गडबडीत तसबीर खाली पडते. फाल्गुनरावाची पत्नी कृत्तिका हे दृश्य पाहते. आपला नवरा परक्या तरुणीला धरून उभा आहे एवढेच तिला दिसते. पुढे ती तसबीर तिच्या हाती येते आणि फाल्गुनराव परततो, तेव्हा पत्नीच्या हातात परपुरुषाची तसबीर त्याला दिसते. तो ती हिसकावून घेतो. अश्विनशेठला ती त्याच्याजवळ आढळते आणि रेवतीने आपली भेट दुसऱ्याला देऊन टाकली असे तो मानतो. यातील एकही पात्र खोटे बोलत नाही. एकानेही डोळ्यांनी पाहिले ते चुकीचे नाही. तसबिरीवरील चेहराही संदिग्ध नाही. तो निर्विवादपणे अश्विनशेठचाच आहे. संदिग्ध आहे ते तिचे कोणाच्या तरी हातात असणे. प्रत्येक हातात ती तेवढ्याच ठामपणे वेगळे बोलते. समान वाणीचे याहून नेटके उदाहरण मराठी रंगभूमीवर शोधूनही सापडणे कठीण.

येथे शीर्षकातील ‘संशय’ या शब्दाकडे वळावे लागते. न्यायशास्त्रानुसार संशय म्हणजे दोन कोटींमध्ये हेलकावणारे ज्ञान : समोर आहे तो खांब की माणूस? ज्यात एकच कोटी पक्की धरली जाते आणि ती चुकीची असते, तो विपर्यय : दोरीवर साप, शिंपल्यावर चांदी. या कसोटीने पाहिले तर फाल्गुनरावाला संशय येतच नाही. त्याला खात्री वाटते. कृत्तिकेला, अश्विनशेठला आणि पुढे रेवतीलाही खात्रीच वाटते. क्षणभर जरी कोणाला खराखुरा संशय आला असता, म्हणजे ‘हे असे असेल किंवा तसेही असेल’ असे वाटले असते, तर नाटक पहिल्या अंकातच संपले असते. दोन्ही कोटी एकाच वेळी दिसतात त्या प्रेक्षकाला. म्हणून जे प्रेक्षकाच्या आसनावरून श्लेष दिसते तेच रंगमंचावर विपर्यय असते. ‘एकीवोको’ या एका शब्दात कवीची करामत आणि पात्राची फजिती एकत्र का नांदतात, याचे उत्तर या रचनेत आहे. ती एकाच वस्तूची दोन बाजूंनी दिसणारी रूपे आहेत.

पात्रांच्या नावांची योजनाही प्रेक्षकाच्या हाती किल्ली देते. महिने आणि नक्षत्रे यांवरून घेतलेल्या या नावांत रेवती हे सत्तावीस नक्षत्रांतील शेवटचे आणि अश्विनी हे पहिले. चक्रात ती एकमेकींना लागून येतात. पंचांग जाणणाऱ्या तत्कालीन प्रेक्षकाला जोडी कोणाची, हे कानाला ऐकूनच कळत असणार. फाल्गुन आणि कृत्तिका मात्र पंचांगात शेजारी नाहीत. हा दुवा फार ताणू नये. पण पात्रांना जे कळत नाही ते नावे सांगत राहतात, यातील मौज नाकारण्याचेही कारण नाही.

निर्मळ विनोदाची किंमत

आता ‘निर्मळ’ या विशेषणाकडे. कर्ता नसलेला घोटाळा म्हणजे कोणाचा दोष नसलेला घोटाळा, आणि म्हणून निर्मळ, असे सहज म्हटले जाते. मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’वरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक लिहिले आणि त्यावरून देवलांनी आपले नाटक रचले. मर्फीच्या शीर्षकाचा भावही असाच : चुकले सारेच. परंतु सारेच चुकले म्हणून साऱ्यांना सारखेच भोगावे लागते असे नाही.

मोलिएरची नायिका सेली ही एका सुखवस्तू गृहस्थाची मुलगी आहे. मर्फीची नायिकाही प्रतिष्ठित घरातील आहे. देवलांची रेवती मात्र नायकिणीची मुलगी आहे. रूपांतरातील हा सर्वांत मोठा बदल होय, आणि केवळ ‘मराठी वातावरणाशी जुळवून घेणे’ एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. सेलीच्या हातून तसबीर पडली तर ती तसबीरच पडलेली असते. रेवतीच्या हातून ती पडते, तेव्हा तिच्याविषयी समाजाने आधीच करून ठेवलेला अर्थ तसबिरीच्या सोबत खाली पडतो. अश्विनशेठचे तिच्यावर प्रेम आहे, त्याला तिच्याशी विवाह करावयाचा आहे. तरीही फाल्गुनरावाजवळ आपली तसबीर पाहताच त्याचा निष्कर्ष तयार असतो. हा निष्कर्ष इतक्या लवकर तयार कसा झाला? येथे ‘एकीवोको’चा विशेषण म्हणून होणारा उपयोग आठवावा : ज्याच्याविषयी निरनिराळे मत होऊ शकते असा लौकिक. रेवतीचे वर्तन एकार्थी आहे. तिचा जन्म मात्र तिच्या भोवतालच्यांनी द्व्यर्थी करून टाकला आहे. भर्तृहरीच्या भाषेत बोलायचे तर अर्थ ठरवणारे ‘प्रकरण’ येथे समाजाने आधीच लिहून ठेवले आहे.

कृत्तिकेची स्थिती वेगळी आहे. तिच्यावर फाल्गुनराव आळ घेतो, पण तिला उलट आळ घेण्याचा अधिकार आहे, घर आहे, पत्नीपद आहे. ती भांडू शकते आणि भांडतेही. प्रेक्षक हसतो तो या बरोबरीच्या भांडणाला. रेवतीने मात्र रागावणे हेही तिच्या बाजूने पुरावा ठरत नाही. ‘शारदा’ (१८९९) लिहिणाऱ्या देवलांना स्त्रीच्या या अवस्थेचे भान नव्हते असे मानणे कठीण आहे. म्हणून ‘संशयकल्लोळ’ला निव्वळ करमणुकीच्या कप्प्यात आणि ‘शारदा’ला सामाजिक नाटकाच्या कप्प्यात ठेवण्याची आपली सवय मला पटत नाही.

१९१६ च्या जून महिन्यात देवलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक संगीत रूपात रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती गाजली. पदे लोकांच्या ओठी बसली. शीर्षकातील ‘घोटाळा’ जाऊन ‘संशय’ आला, म्हणजे घटनेच्या जागी मनोवृत्ती आली, आणि नाटक संशयी स्वभावाच्या नवऱ्याचे म्हणून ओळखले जाऊ लागले. फाल्गुनरावाचे अर्कचित्र मोठे झाले, तसबीर मागे पडली. पुढे बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्समध्ये घोटाळ्याची गती कमालीची वाढली, पण त्यातील पात्रांना गमवायचे फारसे काही नसते, त्यामुळे त्या हशाची जातच निराळी आहे.

आमच्या भागातील एक साधे उदाहरण

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच आहे आणि देवळे दोन. वर्षाचा मोठा भाग देव अणदूरला असतो आणि पौषातील यात्रेच्या सुमारास नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. ‘देव कोठे आहे?’ या प्रश्नाला म्हणूनच दोन खरी उत्तरे आहेत. येथे घोटाळा होत नाही, कारण देव कोणत्या दिवशी निघावयाचा आणि कोणत्या दिवशी परतावयाचा हे दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये ठरलेले असते. द्व्यर्थ नाहीसा केलेला नाही, त्याला तिथी लावून दिली आहे. सांचोच्या जोडशब्दाची आठवण व्हावी असा हा व्यवहार आहे.

वर्गात मात्र अशी तिथी लावलेली नसते. हिंदीतील ‘शिक्षा’ आणि मराठीतील ‘शिक्षा’, हिंदीतील ‘चेष्टा’ आणि मराठीतील ‘चेष्टा’, बसमध्ये ‘खाली’ म्हणजे रिकामी की खालच्या बाजूला, यांवर आपण तासाला हशा पिकवतो आणि पुढे जातो. ‘संशयकल्लोळ’ शिकवताना तेथेच थांबून विचारता येण्याजोगा प्रश्न असा आहे : या घोटाळ्यात चूक कोणाची, हे सापडत नसेल, तर त्याची भरपाई कोणाकडून घेतली गेली? नाटकाच्या अखेरीस तसबिरीचा प्रवास उलगडतो, फाल्गुनराव आणि कृत्तिका समेट करतात, अश्विनशेठ आणि रेवती एकत्र येतात. तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे सर्वांना कळते. रेवतीविषयी इतक्या चटकन खात्री का पटली, हे अश्विनशेठला कोणी विचारत नाही. आणि तोही सांगत नाही.